दोघांचें भाडें

एकट्या माणसानें समुद्रप्रवासास जावें कीं न जावें, ह्या प्रश्नावर २०२४ च्या जानेवारी महिन्यांत आमच्या घरांत आठ दिवस खल चालला होता. माझें वय त्या वेळीं एकूणसत्तर. चिरंजिवांचें म्हणणें, "बाबा, हवापालटच हवा असेल तर आपण सारेच महाबळेश्वरास जाऊं." धाकट्या बंधूंचें म्हणणें, "दादा, असल्या बोटींवर रात्रभर नाचगाणीं चालतात. तुम्ही तेथें पळीपंचपात्री घेऊन काय करणार?" सूनबाईंचा आक्षेप औषधांच्या वेळांविषयीं होता, आणि नातवाचा आक्षेप एवढाच, कीं आजोबा मला कां नेत नाहींत. सर्वांना मीं एकच उत्तर दिलें, कीं मला जावयाचें आहे आणि एकट्यालाच जावयाचें आहे. कारण सांगितलें नाहीं. तें येथें सांगतों. घरच्या मंडळींनींही तें येथेंच वाचावें.

आमचें मूळ घर विजयदुर्गच्या खाडीकांठीं. १९७९ च्या मे महिन्यांत माझें लग्न मुंबईस, गिरगांवांत झालें आणि वऱ्हाड बोटीनें परत निघालें. आतांच्या तरुण वाचकांस कोंकणची बोट ठाऊक नसेल. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरळीत सुरू झाली, तिच्या पुष्कळ आधींची ही गोष्ट. भाऊच्या धक्क्यावर पहांटेपासून वळकट्या, ट्रंका, आंब्यांच्या रिकाम्या करंड्या आणि रडणारीं मुलें ह्यांची दाटी होई. डेकवर सतरंजी पसरून जागा धरावयाची, आणि एकदां बोट दांडीच्या दिव्याबाहेर पडली कीं अर्ध्या माणसांनीं लिंबूं हुंगीत आडवें व्हावयाचें. ह्याला 'बोट लागणें' म्हणत. हा शब्दप्रयोग मला फार समर्पक वाटतो. नजर लागते तशी बोट लागते, आणि ज्याला लागत नाहीं त्याला दुसऱ्याचें दुःख कळत नाहीं.

सासूबाईंचा बोटीला विरोध होता. १९२७ च्या नोव्हेंबरांत जयंती आणि तुकाराम ह्या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या, ती हकीकत त्यांनीं आपल्या आईकडून ऐकिली होती. आणि १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला जाणारी रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, तेव्हां त्या स्वतः गिरगांवांत दहा वर्षांच्या होत्या. त्यांच्या चाळींतील एक गृहस्थ त्या बोटीवर होते. त्यामुळें मुलीला निरोप देतांना त्या धक्क्यावर जें रडल्या, तें केवळ सासरीं जाणाऱ्या मुलीसाठीं नव्हतें.

आणि झालें मात्र विपरीत. खाडीकांठीं जन्मलेल्या नवऱ्यामुलाला बोट लागली, आणि जिनें चौपाटीपलीकडे समुद्र पाहिला नव्हता ती नवी नवरी खुशाल राहिली. मुंडावळ्या उतरून चोवीस तास झाले नव्हते. वडीलधारीं माणसें भोंवतीं बसलेलीं, नवऱ्याशीं चार शब्द बोलण्याची तिला चोरी. तशांत तिनें आपल्या पिशवींतून आवळासुपारीची एक पितळी डबी काढली, ती माझ्या आईच्या हातीं दिली, आणि हळूच म्हणाली, "ह्यांना द्या." मग कोणाची पर्वा न करतां माझ्या कपाळावर ओला पंचा धरून ती बसली. रात्रीं विजयदुर्गाबाहेर बोटीनें नांगर टाकला. बोट धक्क्याला लागत नसे. पडाव येई, आणि शिडीवरून, लाट पडावाला वर उचलील तो क्षण साधून, खालीं पाय टाकावा लागे. खलाश्यानें कंदील वर धरला होता. ती शालू सांवरीत अशी अचूक उतरली, कीं पडाववाला म्हणाला, "सूनबाई आमच्याकडचीच दिसते."

पुढें माझी नोकरी घाटावर लागली, बोट सुटली, आणि कांहीं वर्षांनीं बोटीची ती सेवाच बंद पडली. पण ह्या एका प्रवासाची गोडी तिच्या मनांतून गेली नाहीं. तीर्थयात्रा आम्ही केल्या, रामेश्वर झालें, काशी झाली, तरी ती म्हणे, "हें सारें आगगाडीनें झालें. एकदां बोटीनें जाऊं या."

२०२१ च्या सप्टेंबरांत मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजाची जाहिरात वर्तमानपत्रांत आली. ती तिनें कापून ठेविली आणि मला दाखविली. मीं भाडें पाहिलें आणि शास्त्राचा आश्रय घेतला. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रयानाची गणना पातकांत आहे, कलिवर्ज्यांतही तें आहे, आणि मनूनें श्राद्धास बोलावूं नये अशा ब्राह्मणांच्या मालिकेंत समुद्रयायी घातला आहे, असें मीं तिला गंभीर मुद्रेनें सांगितलें. तोच बौधायन समुद्रप्रवास हा उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणून नमूद करितो, ही गोष्ट मात्र सांगितली नाहीं. ती भाजी निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, "मग मी तुमच्या घरीं आलें ती कशानें? आणि माझ्या हातचें सासूबाईंनीं चाळीस वर्षें खाल्लें तें कसें?" ह्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी म्हणालों, "पुढल्या वर्षीं पाहूं."

आमची परिस्थिति जाऊं नये अशी नव्हती. निवृत्तिवेतन नियमित येत होतें. परंतु आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेल्या मास्तराला तीन रात्रींसाठीं एवढी रक्कम देणें म्हणजे अंगावर कांटा येई. आणि तें कबूल करण्याऐवजीं मीं बौधायनास पुढें केलें. पुढल्या वर्षीं तिचें दुखणें उद्भवलें. २०२२ च्या भाद्रपदांत ती गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर जुनीं पंचांगें आवरतांना शके १९४३ च्या पंचांगांत ती कापलेली जाहिरात सांपडली. तिनें कांहीं लिहून ठेविलें नव्हतें, खूणही केली नव्हती. नुसता कागद होता.

तिकीट काढावयास मी स्वतः गेलों. तेथें मला एक नवें गणित शिकावयास मिळालें. जहाजावरील खोली दोन माणसांची धरून भाडें माणशीं सांगितलेलें असतें. एकट्यानें ती घेतली, तर न येणाऱ्या माणसाचें भाडेंही, कोठें सबंध तर कोठें कांहीं सूट देऊन, येणाऱ्याच्या माथीं बसतें. हा कोणा एका कंपनीचा दुष्टपणा नव्हे, जगभरचा रिवाज आहे; कारण खोली तेवढीच अडते, आणि दुसरा माणूस आला असता तर त्यानें जहाजावर खर्चही केला असता, तोही बुडतो. जुन्या काळीं महासागर ओलांडणाऱ्या बोटींवर एकट्या प्रवाशांसाठीं लहान खोल्या पुष्कळ असत, कारण तेव्हां माणूस कामाकरितां एकटा जाई. पुढें बोट हें जाण्याचें साधन न राहतां सहलीचें ठिकाण झाली, सहलीला लोक जोडीनें जातात, आणि एकट्यांच्या खोल्या नाहींशा झाल्या. २०१० सालीं 'नॉर्वेजियन एपिक' नांवाच्या जहाजावर १२८ एकेरी खोल्या पुन्हां बांधल्या, तेव्हां त्याची मोठी नवलाई वाटली. तिकीट देणारी मुलगी सौजन्यानें म्हणाली, "काका, कोणाला तरी बरोबर घ्या ना, तेवढ्याच पैशांत होईल." मी म्हणालों, "दोघांचेंच घ्या." तिला वाटलें, म्हातारा हिशेबांत कच्चा आहे.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल, कीं एकट्यानें तीन दिवसांची सफर केली, त्यांत एवढें काय? तें खरेंच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अठरा होतें. बरोबर मिशनरी बाया होत्या, पण घरचें माणूस एकही नव्हतें. जूनमध्यें त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने परक्या अन्नांत, परक्या भाषेंत त्या मुलीनें काढले. तिच्यापुढें माझ्या धैर्याची गोष्ट काढण्यांत अर्थ नाहीं. तरी निघतांना माझे हात थरथरत होते, हें लिहून ठेवतों.

बॅलार्ड पियरला जहाज उभें होतें तें प्रथम इमारतच वाटली. नांव 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी. फ्रान्समधील सां-नाझेर येथें बांधून १९९० सालीं तें 'नॉर्डिक एम्प्रेस' ह्या नांवानें पाण्यावर आलें. अमेरिकेंतून बहामा बेटांकडे तीन-चार दिवसांच्या सफरी करण्यासाठींच तें बांधलें होतें. पुढें तें 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालें, २००८ मध्यें स्पॅनिश कंपनीकडे गेलें, २०१६ त परत फिरलें, क्यूबाच्या फेऱ्या केल्या, आणि २०२० च्या अखेरीस विकलें जाऊन आपल्याकडे आलें. लांबी सुमारें दोनशें दहा मीटर, आणि मोजमाप अठ्ठेचाळीस हजार टनांवर. हा टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या पोटांतील जागेचें तें माप आहे. मलाही हें सदुसष्ट वर्षें ठाऊक नव्हतें आणि मुलांना मीं चुकीचें शिकविलें आहे.

चौतीस वर्षें हें जहाजाला पोक्त वय. ह्याच १९९० सालीं इटलींत बांधलेलें 'कर्णिका' नांवाचें दुसरें एक जहाज २०१९ मध्यें मुंबईहून फिरूं लागलें होतें. महामारी आली, कंपनी बुडाली, आणि २०२० च्या नोव्हेंबरांत तें गुजराथेंत अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यासाठीं चढविलें गेलें. कर्णिका म्हणजे कमळाच्या मधला गाभा. इतकें सुंदर नांव कोणी ठेविलें कोण जाणे. एकाच वर्षीं जन्मलेल्या दोघींपैकीं एक अशी गेली आणि एक अजून पाण्यावर आहे, हा विचार शिडी चढतांना माझ्या मनांत आला, आणि मला तो आवडला नाहीं.

प्रथम सर्व प्रवाशांना कवाइतीस बोलाविलें. सात आंखूड भोंगे आणि एक लांब भोंगा झाला, कीं नेमलेल्या जागीं जावयाचें. २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्ता काँकॉर्दिया' खडकावर आदळून बत्तीस माणसें गेलीं, तेव्हांपासून ही कवाइत जहाज सुटण्यापूर्वीं अगर सुटतांच घ्यावी असा नियम कडक झाला आहे. शाळेंतील पटासारखी हजेरी होती. माझ्या खोलीचा आंकडा पुकारला. "दोन?" मी म्हणालों, "एक." बाईंनीं यादींत पाहिलें, मान हालविली, पुढला आंकडा पुकारला. तीन दिवसांत "किती जण?" हा प्रश्न मला निदान वीस वेळां विचारला गेला. भोजनगृहाच्या दारांत, चहाच्या टेबलापाशीं, प्रयोग पाहावयास गेलों तेथें. पहिल्या संध्याकाळीं 'एक' हा शब्द मला फार जड गेला. दुसऱ्या दिवशीं सवय झाली.

खोली आंतल्या बाजूची, बिनखिडकीची होती. दोन अरुंद बिछाने, मध्यें हातभर वाट. खोलीची व्यवस्था पाहणारा मुलगा हिमाचलांतला होता. वीस वर्षांचा होईपर्यंत त्यानें समुद्र पाहिला नव्हता म्हणे. त्याचें हिंदी बोलणें मी मराठींत देतों. "बाबूजी, माताजी कोठें आहेत?" असें त्यानें सहज विचारिलें. आणि मी, ज्यानें चौतीस वर्षें मुलांना सत्याचे पाठ दिले, तो म्हणालों, "वर आहेत, गच्चीवर. हवा खात आहेत." असें कां बोललों तें आजही सांगतां येत नाहीं. बोलून गेलों खरा. रात्रीं परत येऊन पाहतों तों दोन्ही बिछाने तयार, दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट, आणि पंचे दुमडून केलेला एक हंस दुसऱ्या बिछान्यावर.

जहाज सुटलें तें सूर्यास्ताच्या सुमारास. उजवीकडे कुलाब्याच्या टोंकाचा दांडीचा दिवा, जरा वेळानें डावीकडे खांदेरी. आमच्या लहानपणची बोट किनारा धरून जाई. हरणे, दाभोळ, जयगड अशी बंदरें घेई, आणि दिवसाउजेडीं किल्ल्यांमागून किल्ले दिसत. हें जहाज खोल पाण्यांत जातें, किनारा दिसत नाहीं. दिसतात ते मासेमारी होड्यांचे दिवे. इतके, कीं समुद्रांत एखादें गांव वसलें आहे असें वाटावें. मी खुर्चींत बसून बोट लागण्याची वाट पाहूं लागलों. आलें, ओवा, लिंबूं आणि तिची ती पितळी डबी, सारें जय्यत घेऊन गेलों होतों. पण लागली नाहीं. अशा जहाजांना पाण्याखालीं दोन्ही अंगांस माशासारखे पर असतात, ते डोलणें मोडतात. शिवाय आकारच एवढा, कीं लहान लाटेला दाद लागत नाहीं. मला खरें तर थोडें वाईटच वाटलें.

नाचगाण्यांविषयीं बंधूंनीं सांगितलें तें खोटें नव्हतें. पण ज्याला नको त्याला दूर बसावयास जागा पुष्कळ होती, आणि जेवण शाकाहारी, बेताचें, चांगलें मिळालें. घाटकोपरच्या एका गुजराथी कुटुंबानें मला एकट्याला टेबलाशीं पाहून आपल्यांत बोलाविलें. आजी, मुलगा, सून, दोन नाती. आजींना ते सारे 'बा' म्हणत; मग मीही म्हणूं लागलों. धाकट्या नातीला मीं 'कर्णधार' शब्दाचा अर्थ सांगितला. कर्ण म्हणजे सुकाणूं, तें धरणारा तो कर्णधार; क्रिकेटचा संबंध मागाहून आला. अमरकोशांत समुद्रावरील व्यापाऱ्याला सांयात्रिक म्हटलें आहे, हेंही सांगणार होतों, पण तिचें लक्ष आइस्क्रीमकडे होतें. संस्कृत ग्रंथांतील जहाजांविषयीं एक गंमत अशी, कीं तीं बहुधा फुटण्यासाठींच निघतात. 'रत्नावली' नाटिकेंत सिंहलद्वीपाची राजकन्या फुटलेल्या जहाजाच्या फळीच्या आधारानें वांचते. जहाज सुखरूप पोंचलें असतें तर नाटकच झालें नसतें. ही गोष्ट मात्र मीं त्या टेबलावर काढली नाहीं.

खोलींत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जहाज कोठें आहे तें नकाशावर सारखें दाखवीत असत. पहांटे साडेतीनला उठून मीं पाहिलें. विजयदुर्ग जवळ येत होता. शाल घेतली, डबी खिशांत टाकली आणि डाव्या अंगाच्या उघड्या सज्जावर गेलों. एक मनुष्य पाण्याच्या नळीनें फळ्या धूत होता. "काका, एवढ्या पहांटे?" मराठी ऐकून बरें वाटलें. तो जयगडकडचा निघाला; त्याचे आजे आगबोटींवर खलाशी होते. मीं गांवाचें नांव सांगितलें. त्यानें नळी बंद केली, कठड्याशीं येऊन बराच वेळ पाहिलें, आणि हात लांबवून म्हणाला, "तो बघा, उठला." क्षितिजावर अगदीं बारीक एक किरण उमटे आणि मावळे. प्रत्येक दीपगृहाच्या मिटण्या-उघडण्याचा ठेका ठरलेला असतो आणि तो पुस्तकांत छापलेला असतो. खलाशी मनांत आंकडे मोजून कोणता दिवा तें ओळखतात. तो मोजूं लागला, मीही त्याच्याबरोबर मोजूं लागलों. "देवगडचा," तो म्हणाला. "विजयदुर्ग जरा मागें पडला. तो हवेंत दिसत नाहीं आज."

म्हणजे तें गांव कांहीं दिसलें नाहीं. नकाशावर टिंब होतें, समोर काळोख होता. माझ्या मनांत होतें, कीं तेथें पोंचल्यावर डबींतील थोडी आवळासुपारी समुद्रांत सोडावी. दुसरें काय सोडणार? मीं डबी काढलेली पाहून तो मनुष्य आर्जवानें म्हणाला, "काका, कांहीं टाकूं नका हां. सुपारीएवढें देखील नाहीं. नियम आहे, आणि कॅमेरे आहेत." मुलांना नियम शिकवीत आलेला मी, डबी परत खिशांत ठेविली. त्यानें विचारिलें नाहीं, मीं सांगितलें नाहीं. मग त्यानें पुन्हां नळी सुरू केली आणि मी उजाडेपर्यंत बसून राहिलों.

मुरगांवास उतरून मीं मंगेशीचें दर्शन घेतलें, मार्दोळची म्हाळसा पाहिली, आणि दुपारीं परत आलों. गोव्याचें वर्णन पुष्कळांनीं केलेलें आहे. मला सारा वेळ जहाज सुटेल कीं काय, हीच धास्ती होती.

परतीच्या प्रवासांत उत्तरेचा वारा सुटला. जहाज लाटांवर नाक घालून चाललें म्हणजे पर असोत वा नसोत, पुढून मागें डोलणें काय चुकत नाहीं. संध्याकाळीं भोजनगृह अर्धें रिकामें होतें. घाटकोपरची सून घाबरी होऊन आली. बांना बोट लागली होती आणि गोळी पोटांत ठरत नव्हती. मी खोलींत गेलों, डबी आणली. बांना बंद खोलींतून काढून मोकळ्या हवेंत बसविलें, क्षितिजाच्या रेषेवर दृष्टि ठेवावयास सांगितलें, कारण डोळे एक सांगतात आणि कान दुसरें सांगतात म्हणूनच हा विकार होतो. आणि आवळासुपारीची चिमूट तोंडांत धरावयास दिली. मुलानें विचारिलें, "गुरुजी, आणखी काय करूं?" मी म्हणालों, "पंचा ओला करून कपाळावर धरा. दुसरें कांहीं नाहीं. धरून बसा." तो बसला. दोन घटकांनीं बांना झोंप लागली. डबींत थोडी उरली होती ती मीं त्यांच्या सुनेच्या पदरांत घातली. डबी ठेवून घेतली.

त्या रात्रीं मला जी झोंप लागली तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. सकाळीं मुंबई दिसूं लागली. सामान आवरीत असतां तो हिमाचलचा मुलगा आला. बक्षिशी त्याच्या हातीं दिली आणि मनाचा हिय्या करून म्हणालों, "बेटा, मीं तुला पहिल्या दिवशीं खोटें सांगितलें. माताजी आलेल्या नाहींत. त्यांना जाऊन दीड वर्ष झालें."

तो चादरी गोळा करीत होता. थांबला, पण आश्चर्य मात्र त्याच्या तोंडावर दिसलें नाहीं. "ठाऊक आहे, बाबूजी. पहिल्या रात्रींच कळलें. न्हाणींत एकच पंचा ओला होता, पेला एकच वापरलेला."

"मग रोज दुसरा बिछाना कां घालीत होतास?"

"आमच्या कागदावर ह्या खोलीचें भाडें दोघांचें लिहिलें आहे," तो म्हणाला, आणि दुसऱ्या बिछान्याची न चुरगळलेली चादर काढून पहिलीबरोबर पिशवींत भरूं लागला. धक्क्यावर चिरंजीव वाट पाहत उभे होते. त्यानें माझी ट्रंक उचलली, मीं डबी खिशांत आहे ना तें चांचपून पाहिलें, आणि आम्ही जिन्याकडे निघालों.